यमूचा ‘मी’ आणि हरिभाऊ

मराठी कादंबरीचा इतिहास शिकवताना हरि नारायण आपट्यांपाशी आले की वर्ग थोडा सुस्तावतो, असा माझा नेहमीचा अनुभव आहे. ‘सामाजिक कादंबरीचे जनक’, ‘ऐतिहासिक कादंबरीचे प्रवर्तक’, ‘वास्तववादी’ अशी तीन-चार बिरुदे वहीत उतरली की विद्यार्थ्यांच्या दृष्टीने हरिभाऊ संपतात. परीक्षेला तेवढे पुरतेही. मला मात्र त्यांच्या चरित्रात एकच प्रश्न पुन्हा पुन्हा खुणावतो. पुण्यातल्या एका सुखवस्तू, सनातनी घरात वाढलेल्या सव्वीस वर्षांच्या पुरुषाला, एका विधवेची कथा तिच्याच तोंडून सांगावी असे का वाटले? ‘ती’ असे न म्हणता ‘मी’ असे म्हटल्याने वाचकाचे नेमके काय झाले? हा लेख त्या प्रश्नाभोवतीच फिरणार आहे. त्यामुळे चरित्रातल्या काही महत्त्वाच्या गोष्टी मी भराभर ओलांडणार आहे, हे आधीच सांगून टाकतो.

हरिभाऊंचा जन्म खानदेशातील पारोळ्याचा, ८ मार्च १८६४ चा. आई लहानपणीच गेली. बालपण मुंबईत गेले आणि १८७८ साली कुटुंबाबरोबर ते पुण्यास आले. घराचे कर्ते पुरुष म्हणजे त्यांचे चुलते महादेव चिमणाजी आपटे. नामांकित वकील, पैसा मिळवलेला, संस्कृत विद्येचा अभिमानी आणि घरात ज्यांच्या शब्दापुढे शब्द निघत नाही असा माणूस. पुतण्याने शिकून वकील व्हावे अशी त्यांची इच्छा. पुतण्याचे लक्ष मात्र गोष्टीच्या पुस्तकांकडे. अप्पा बळवंत चौकाजवळ आजही उभी असलेली ‘आनंदाश्रम’ ही संस्था ह्याच महादेवरावांनी १८८८ मध्ये स्थापली. हस्तलिखिते जमवावीत, जुने संस्कृत ग्रंथ शोधून छापावेत, हा तिचा उद्देश. आपली संपत्ती त्यांनी तिच्या कामी लावली, आणि १८९४ साली ते वारल्यावर तिचा कारभार हरिभाऊंच्या हाती आला. पोथ्यांच्या गठ्ठ्यांत बसून कादंबऱ्या लिहिणारा हा व्यवस्थापक. ह्या योगायोगाचे मला नेहमी कौतुक वाटते.

न्यू इंग्लिश स्कूल १८८० मध्ये निघाले आणि हरिभाऊ तेथे शिकले. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक आणि आगरकर ह्यांच्या तालमीतला तो काळ. चिपळूणकर १८८२ मध्ये गेले तेव्हा ह्या विद्यार्थ्याने ‘शिष्यजनविलाप’ लिहिला. पुढे आगरकरांनी ‘हॅम्लेट’चे ‘विकारविलसित’ हे रूपांतर प्रसिद्ध केले, तेव्हा त्याच विद्यार्थ्याने गुरूच्या भाषांतराचे बहात्तर पानी परीक्षण लिहून दोष दाखवले. विशी न ओलांडलेल्या पोराची ही हिंमत! १८८३ मध्ये ते मॅट्रिक झाले. कॉलेजात गेले, पण पदवी हाती आली नाही. काकांच्या मनातला वकील तेथेच संपला.

पहिली कादंबरी ‘मधली स्थिती’ १८८५ ची. ती रेनॉल्ड्स ह्या इंग्रज कादंबरीकाराच्या छायेत लिहिलेली. लेखक अजून दुसऱ्याच्या खांद्यावरून पाहतो आहे. त्यानंतरची ‘गणपतराव’ अपुरी राहिली. मग १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ आठवड्या-आठवड्याने येऊ लागली. पुस्तकरूपाने ती १८९३ साली निघाली.

ते दिवस कसे होते ते थोडे आठवले पाहिजे. विधवाविवाहाला कायद्याची मान्यता १८५६ मध्येच मिळाली होती, पण पुण्याच्या वाड्यांत त्या कायद्याला कोण विचारतो! १८८८ पासून आगरकर ‘सुधारक’ चालवत होते आणि ‘केसरी’शी त्यांचे खटके उडत होते. १८९० मध्येच मुंबईत नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने नाभिकांनी सभा भरवून विधवांचे केशवपन करायचे नाही असे ठरवले. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि मुलीचे संमतिवय दहाचे बारा झाले, त्यावरून पुणे हादरले. म्हणजे ज्या महिन्यांत यमूची गोष्ट घरोघर पोहोचत होती, त्याच महिन्यांत शास्त्राधार, स्मृतिवचने, इंग्रज सरकारचा अधिकार ह्यांवर सभा आणि अग्रलेख झडत होते. ह्या साऱ्या वादात स्त्री हा विषय होता. बोलणारे पुरुष होते आणि ऐकणारेही पुरुषच.

हरिभाऊंनी त्या वादात आणखी एक अग्रलेख घातला नाही. त्यांनी एका मुलीला बोलायला बसवले.

विधवेच्या दुःखावर त्यापूर्वी मराठीत कादंबरी नव्हती असे नाही. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ १८५७ सालची. गंमत अशी की तिच्याही नायिकेचे नाव यमुनाच. तेथे यमुना प्रवासाला निघते आणि वाटेत निरनिराळ्या विधवांच्या हकिकती तिच्या कानांवर येतात. पुस्तक मोठ्या कळकळीचे आहे, पण वाचताना आपण दुःखांची एक यादी तपासत असल्यासारखे वाटते. एक हकिकत संपते, दुसरी सुरू होते, आणि मधल्या वाटेवर आपण सुखरूप असतो. नंतर ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) अशा अद्भुताच्या कादंबऱ्या आल्या. त्यांतल्या राजकन्यांचे दुःख कोणाच्या माजघरात शिरणारे नव्हते. हरिभाऊंची यमू आपल्याला प्रवासाला नेत नाही. ती आपल्याला घरात घेते आणि दार लावून टाकते.

ती सुरुवात करते ती बाळपणापासून. दादाशी भांडणे, खेळ, वडिलांचा धाक, मैत्रीण दुर्गी. पहिली कित्येक पाने काही ‘घडत’च नाही, असे माझे विद्यार्थी कुरकुरतात. त्यांची कुरकुर खरी आहे, पण हरिभाऊंनी तेथेच आपले काम साधले आहे. वैधव्याची कथा वैधव्यापासून सुरू झाली असती तर वाचकाने पहिल्याच पानावर चेहरा गंभीर करून सहानुभूतीचा पवित्रा घेतला असता. येथे तो हसत-हसत आत येतो. मूल मोठे होताना बघतो. तिचे लग्न होते, रघुनाथरावांसारखा समजूतदार नवरा मिळतो, तो तिला शिकवतो, मुंबईला बिऱ्हाड होते, आणि वाचक तिच्याबरोबर सुखावतो. पण सांगणारी यमू मोठी आहे. पुढचे सारे भोगून झालेली आहे. म्हणून सुखाच्या पानांवरही एक सावली पडते. लहान यमूला काही ठाऊक नाही, सांगणाऱ्या यमूला सर्व ठाऊक आहे, आणि वाचक दोघींच्या मध्ये अडकतो. मुंबईच्या बिऱ्हाडातली तिची बारीकसारीक सुखे वाचताना घशाशी काहीतरी येते, ते ह्या अडकण्यामुळे. एकाच ‘मी’ची ही दोन वये हरिभाऊंनी पुष्कळ ठिकाणी फार सहजपणे सांभाळली आहेत. त्यांना कोणी हे शास्त्र शिकवले नव्हते.

दुसरी गोष्ट वाड्याची. जुन्या पुण्यातला वाडा ज्यांनी पाहिला आहे त्यांना कळेल. ओसरी, दिवाणखाना पुरुषांचा. माजघर, स्वयंपाकघर, मागचे दार बायकांचे. घरातले निर्णय ओसरीवर होतात आणि बाईच्या कानावर पडतात ते दाराआडून, तुटक-तुटक. आता कादंबरीकाराने ‘मी’ म्हणून बाईला बोलायला लावले की त्याला ओसरीवर जाताच येत नाही. जे यमूला दिसले, जे कानांवर आले, जे दादाने सांगितले, तेवढेच वाचकाला मिळणार. शंकरमामंजींसारखा ढोंगी माणूस पडद्याआड काय शिजवतो आहे हे तिला पुरते कळत नाही, आणि म्हणून आपल्यालाही कळत नाही. नुसती धास्ती वाटते. सर्वज्ञ निवेदकाने तो कट आधी उलगडून दाखवला असता तर आपण शंकरमामंजींवर रागावलो असतो आणि मोकळे झालो असतो. येथे आपण घाबरतो. जुन्या घरातल्या बाईचे जगणेच असे अर्ध्या माहितीचे होते, आणि हरिभाऊंनी ती अर्धी माहिती वाचकाच्या वाट्याला दिली.

दोन वर्षांपूर्वी मी वर्गात एक प्रयोग केला. कादंबरीतला एक प्रसंग सर्वांना वाचायला दिला आणि तोच ‘मी’ काढून, ‘यमू’ घालून, पुन्हा लिहायला सांगितला. केवळ सर्वनाम बदलायचे, बाकी काही नाही. बत्तीस वह्या आल्या. त्यांतल्या निम्म्याहून अधिक वह्यांत एक शब्द कोणी न सांगता आला होता : ‘बिचारी’. बिचारी यमू गप्प बसली, बिचारीच्या डोळ्यांत पाणी आले. मूळ प्रसंगात हा शब्द नव्हता. स्वतःला बिचारी म्हणून मोजायला सांगणारीला त्या वेळी फुरसत नव्हती. ‘ती’ म्हटल्याबरोबर लिहिणारा तिच्यापासून दोन पावले दूर जाऊन उभा राहिला, आणि त्या दोन पावलांच्या जागेत दया उगवली. दया वाईट असते असे मला म्हणायचे नाही. पण दया करणारा सुरक्षित असतो. एका मुलाने तर हुशारी करून शंकरमामंजींना ‘मी’ दिला आणि दोन पानांत तो मनुष्य इतका घरंदाज, कर्तव्यदक्ष, कुळाची काळजी वाहणारा वाटू लागला की वर्ग अस्वस्थ झाला. ‘मी’ ह्या शब्दाची ताकद अशी आहे. ती कोणालाही उसनी देता येते. हरिभाऊंनी ती यमूला दिली, ह्यात त्यांचा पक्ष उघड झाला.

आमच्या घरात माझ्या आजोबांच्या एक आत्या होत्या. सोवळ्या. आलवण नेसत, माजघरातल्या कोपऱ्यात जपमाळ घेऊन बसत, असे मी ऐकत आलो. त्यांच्याविषयी आमच्याकडे पुष्कळ गोष्टी सांगितल्या जातात : त्या किती कडक होत्या, लोणची किती छान घालत, मुलांना कशा धाकात ठेवत. ह्या साऱ्या गोष्टी ‘त्या’ म्हणून सुरू होतात. त्यांचा फोटो नाही, हाताचे अक्षर नाही. आत्याबाईंना ‘मी’ म्हणून एक वाक्य सांगायला कोणी बसवले असते तर ते काय असते, ह्याची कल्पना घरात कोणालाच करता येत नाही. माझ्या आईला मी एकदा विचारले तेव्हा ती म्हणाली की असा विचार आम्ही कधी केलाच नाही. ‘पण लक्षात कोण घेतो?’ हे शीर्षक मी तेव्हापासून जरा निराळ्या रीतीने वाचतो. ‘घेतो’ हे क्रियापद पुल्लिंगी आहे.

यमूच्या केशवपनाचा प्रसंग कादंबरीत येतो तेव्हा निवेदनाची ही पद्धत कसाला लागते. नवरा गेला आहे, आधार तुटला आहे, आणि शंकरमामंजींच्या कारस्थानाने तिच्यावर तो प्रसंग ओढवतो. येथे भाषण ठोकण्याची सोय लेखकाला होती. आगरकरांचा शिष्य तो. युक्तिवाद तर तोंडपाठच असणार. पण ज्या बाईचे डोके भादरले जात आहे ती त्या क्षणी युक्तिवाद करू शकत नाही, आणि ‘मी’ची मर्यादा हरिभाऊंनी पाळली. वाचकाला युक्तिवाद स्वतःच करावा लागतो. इतर कित्येक ठिकाणी मात्र हरिभाऊंचा संयम सुटतो, हेही सांगितले पाहिजे. साप्ताहिकाचे रकाने भरायचे असत. संवाद लांबतात, उपदेश डोकावतो, आणि यमूला वर्षांपूर्वीची संभाषणे शब्दन् शब्द आठवतात हे काही केल्या पटण्यासारखे नाही. वाचक मनात म्हणतो, असू दे, आणि पुढे वाचतो. तो असे का म्हणतो? तिच्या आवाजावर त्याचा विश्वास बसलेला असतो म्हणून. त्या आवाजात पुण्याच्या माजघरातली बोली आहे, नुसती पुस्तकी मराठी नाही.

ती बोली हरिभाऊंना कोठून मिळाली? घरातून तर खरेच. पण गोविंद वासुदेव कानिटकर आणि त्यांच्या पत्नी काशीबाई ह्यांच्याशी असलेला त्यांचा स्नेहही येथे लक्षात घ्यावा लागतो. काशीबाई स्वतः लेखिका. डॉक्टर आनंदीबाई जोशींचे चरित्र त्यांनी लिहिले. बरोबरीच्या नात्याने वाङ्मयाविषयी बोलणारी स्त्री त्या काळच्या किती लेखकांना लाभली असेल? पुरुषाने स्त्रीचा ‘मी’ लिहावा हे जगात नवे नव्हते. इंग्रजीत डिफोने आणि रिचर्डसनने ते अठराव्या शतकात केले होते. आपल्याकडे बंकिमचंद्रांनी ‘रजनी’मध्ये आंधळ्या मुलीला स्वतःची कथा सांगू दिली होती. मराठीत मात्र एवढ्या विस्ताराने हे प्रथम घडले.

आणि येथे एक कडू गोष्ट बोलल्याशिवाय राहवत नाही. यमूच्या आठ वर्षे आधी, १८८२ मध्ये, बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिली. ती पुण्यातच छापली गेली. तो खऱ्या बाईचा खरा आवाज, आणि तो रडत नाही, जाब विचारतो. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये तिची बाजू घेतली, पण पुस्तक विस्मरणात गेले, स. गं. मालशे ह्यांनी ते पुन्हा उजेडात आणले ते १९७५ मध्ये. बाईने स्वतः मांडलेला जाब कोणी ऐकला नाही. पुरुषाने बाईच्या मुखातून सांगितलेले दुःख घरोघर वाचले गेले. ह्यात हरिभाऊंचा दोष नाही. पण वाचक कोणत्या ‘मी’ला घरात घेतो आणि कोणत्या ‘मी’ला दारातच थांबवतो, हे त्या दोन पुस्तकांच्या नशिबावरून कळते. यमूसारख्या स्त्रिया स्वतः लिहू लागल्या त्या नंतर. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० च्या, पार्वतीबाई आठवल्यांची ‘माझी कहाणी’ १९२८ ची. पार्वतीबाईंनी सोवळेपण भोगले आणि मग निश्चयाने केस राखले. यमूला जे साधले नाही ते त्यांनी केले आणि लिहूनही ठेवले. यमू वाचल्यावर पार्वतीबाई वाचाव्यात, असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. उलट क्रमाने वाचल्यास यमू थोडी फिकी वाटते.

हरिभाऊंच्या स्वतःच्या आयुष्यातही एक गाठ आहे. पहिली पत्नी वारल्यावर त्यांनी दुसरा विवाह केला तो विधवेशी नव्हे, कुमारिकेशी. धोंडो केशव कर्वे ह्यांनी १८९३ मध्ये, म्हणजे यमूचे पुस्तक निघाले त्याच साली, विधवेशी लग्न करून दाखवले. कर्त्यासवरत्या काकांचे घर आणि त्या घरातली आपली जागा हरिभाऊंना ओलांडता आली नाही, असा मी त्याचा अर्थ लावतो. त्यांना दोषी ठरवायची मला घाई नाही. पण लिहिताना जो मनुष्य यमूच्या जागी जाऊन बसला, तो घरात वागताना आपल्या जागेवरून उठू शकला नाही, हे नजरेआड करून त्यांचे चरित्र पुरे होत नाही.

यमूनंतरही त्यांनी ‘मी’ सोडला नाही. ‘मी’ ह्याच नावाची त्यांची कादंबरी भावानंदाचे आत्मकथन आहे. ताईचे दुःख तेथे भावाच्या डोळ्यांनी दिसते. परिणाम निराळा होतो. यमूच्या कथेत वाचक सोसतो. भावानंदाच्या कथेत त्याला वाटते की आपण काहीतरी केले पाहिजे, कारण सांगणारा पुरुष आहे आणि त्याच्या हातून काही होण्यासारखे आहे. ‘उषःकाल’ (१८९५–९७) मध्ये मात्र त्यांनी हा ‘मी’ साफ बाजूला ठेवला. शिवकालात शिरताना त्यांना सर्वज्ञ निवेदक हवा होता. किल्ले, वेषांतरे, भुयारे, आणि एका माणसाला जेथे पोहोचता येणार नाही अशा सतरा जागा. तेथे ते कथा वाटेल तेव्हा थांबवतात, उत्कंठा ताणतात, आणि वाचकाला उद्याच्या अंकाची वाट पाहायला लावतात. तेही कौशल्यच, पण त्याने माझी झोप उडते, मन उलत नाही. हे माझे मत. ‘उषःकाल’वर जीव टाकणारे प्राध्यापक आमच्या विभागातच आहेत.

पुढचे चरित्र थोडक्यात. ‘करमणूक’ त्यांनी १९१७ पर्यंत, सुमारे सत्तावीस वर्षे चालवले. प्लेगच्या दिवसांत शहरासाठी काम केले, नगरपालिकेचे सभासद आणि अध्यक्ष झाले, १९१२ मध्ये अकोल्याच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले, १९१५ मध्ये मुंबई विद्यापीठात मराठी भाषेवर विल्सन व्याख्याने दिली. पदवी न मिळालेल्या मनुष्याची ही व्याख्याने! ३ मार्च १९१९ रोजी पुण्यात ते वारले. पंचावन्न वर्षे पुरी व्हायला पाच दिवस उरले होते. सुरुवातीची ‘गणपतराव’ अपुरी होती, आणि शिवकालावरची ‘सूर्यग्रहण’ही अपुरीच राहिली.